वर असताना आमची आठवण येते का

सुहास,

तुला जाऊन महिना होत आला आणि घरातले पंखे अजून तसेच आहेत. दिवाळी झाली की पुसतो, म्हणाला होतास. चार लाख व्होल्टच्या तारेवर जाऊन बसणारा माणूस, पण घरात पंखा पुसायचा तर स्टूल धरायला मी लागायचे. लोकांना सांगू का तुझं हे, असं मी विचारायचे. तू म्हणायचास, सांग खुशाल, स्टूल हलतं, टॉवर हलत नाही. मग मी स्टूल धरायचे, सगळी धूळ माझ्या डोक्यावर पडायची आणि आपलं भांडण व्हायचं. आता ती धूळ वर निवांत बसली आहे. मी रोज तिच्याकडे बघते आणि पंखा लावत नाही. तसाही नोव्हेंबर आहे.

भेटायला खूप लोक आले. सोसायटीतले आले, मराठी मंडळातले आले, माझ्या मंत्रालयातले तर लिफ्ट भरभरून आले. एका संध्याकाळी तुझ्या फोटोसमोर चहा घेत तीन काकांनी जगातलं सगळ्यात धोक्याचं काम कोणतं याचा निकाल लावायला घेतला. एक म्हणाले, खाणीतलं. दुसरे म्हणाले, खोल समुद्रातली मासेमारी, त्यांनी व्हिडिओ पाहिला होता. तिसरे म्हणाले, नाही नाही, लाइनमनचा नंबर पहिल्या दहात लागतो, आणि तुझ्या फोटोकडे असं पाहिलं की आता तुझं अभिनंदन करतात की काय. मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाले. सगळ्यांना वाटलं, रडायला गेली. मागून ईरा आली आणि विचारायला लागली की सुतक म्हणजे एक्झॅक्टली काय असतं. ज्या दिवसांत लोक घरी येऊन काहीही बोलू शकतात ते दिवस, असं मी तिला सांगितलं. दिल्लीत वाढलेल्या पोरीला आता हाच अर्थ माहीत राहणार. तिच्या सासरी कळेल तेव्हा कळेल.

तू असतास तर काकांशी वाद घातला असतास. आपलं काम धोक्याचं आहे असं तू कधी मान्यच केलं नाहीस. एकदा सकाळी पेपरात गटारात उतरून गुदमरलेल्या माणसांची बातमी होती. ती आपल्या शहरात येतच राहते. मी सहज म्हणाले की तुझं आणि त्यांचं सारखंच, सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी येईलच असं नाही. तू पेपर घडी करून ठेवलास. मला वाटलं आता ओरडशील, पण तू हळू बोललास. म्हणालास, मला अंगभर धातूच्या धाग्यांचा सूट आहे, गँग आहे, शिकवायला वर्षं घातलेली आहेत, वारा वाढला तर काम बंद करायचा अधिकार आहे. त्यांना साधी दोरी देत नाहीत. "माझं काम धोक्याचं असेल, पण मला कोणी धोक्यात ढकललेलं नाही," असं म्हणून तू उठलास आणि त्या दिवशी डबा न घेताच गेलास. मी तो डबा ऑफिसला नेला आणि खाल्ला. वांग्याची भाजी होती, तुझ्या आवडीची. सांगायचं राहूनच गेलं, छान झाली होती.

लग्नाआधी पुण्याला भेटायला आलास तेव्हाच तू सगळं सांगून टाकलं होतंस. बाकीचे लाइनमन वीज बंद करून चढतात, आम्ही हॉटलाइनवाले वीज चालू असताना तारेवर जातो, कारण ती लाइन बंद केली तर अर्धं शहर अंधारात जाईल. मी विचारलं, मग शॉक बसत नाही? पाखराला बसतो का, असं तू मलाच विचारलंस. मग समजावलंस की विजेला तुमच्यातून जायला दोन टोकं लागतात. तार धरली तर टॉवर सोडायचा, टॉवर धरला तर तार सोडायची, एका वेळी एकालाच धरायचं, दोन्हीकडे हात ठेवणारा मरतो. हे ऐकून मला वाटलं, नवरा म्हणून माणूस बरा दिसतोय. घरी आल्यावर आईला म्हणाले, चालेल.

पुढे काय वाढून ठेवलंय ते कुठे माहीत होतं. रोज सकाळी टांगून घ्यायला जायचास तू आणि जीव टांगणीला लागायचा माझा. मेट्रोच्या ब्लू लाइननं ऑफिसला जाताना यमुना ओलांडली की काठावरचे टॉवर दिसतात. मी त्या बाजूला पाठ करून उभी राहायचे. तू मात्र घरी येऊन रंगवून सांगायचास. सूट घातलेला असला तरी तारेच्या जवळ जाताना गालावर मुंग्या येतात. हातातली धातूची कांडी पुढे केली की मधल्या हवेतून ठिणगी येते. ती येऊ द्यायची, मागे व्हायचं नाही, आणि झटकन तारेला क्लिप लावायची. क्लिप लागली की मुंग्या जातात, सगळं शांत होतं आणि माणूस तारेइतकाच चार लाख व्होल्टचा होऊन जातो. हे सांगताना तुझा चेहरा असा व्हायचा की मी ताटातलं मीठ उगाच इकडून तिकडे करायचे. माझ्याबद्दल बोलताना असा चेहरा होतो का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

एकदा बघायला ये, असं तू किती वेळा म्हणालास. मी आले नाही. डोळ्यांनी एकदा पाहिलं असतं तर पुढे रोज डोळे मिटले की तेच दिसलं असतं. तू काम सोड असं मी म्हणणार नाही, तू मला ये असं म्हणू नकोस, असं मी एकदा वैतागून बजावलं. माझा भाग मी पाळला. तू दरवर्षी विचारत राहिलास.

आणि मग तो प्रश्न. ईरा तेव्हा सहावीत असेल. जेवता जेवता तिनं विचारलं, "बाबा, वर असताना आमची आठवण येते का?" तू घास हातात धरून खरोखर विचार केलास. कुठलाही शहाणा बाप एका क्षणात हो म्हणून मोकळा झाला असता.

"नाही," तू म्हणालास.

ईरा अच्छा म्हणाली आणि तिनं आणखी रस्सा वाढून घेतला. लागलं ते मला. ती झोपल्यावर मी तुला धरलं, पोरीशी इतकं खरं कशाला बोलायचं? तू म्हणालास, "खोटं सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, बाबा वर बसून घराचा विचार करतो. अगं, तसा विचार करणारा माणूस परत येत नाही." मी म्हणाले, म्हणजे आम्ही तुला जड होतो. तू म्हणालास, तसं नाही गं. त्यानंतर आपलं भांडण गॅसच्या सिलिंडरवरून सुरू होवो की तुझ्या बहिणीवरून, माझ्याकडून ते शेवटी इथेच यायचं. तुझं काय, तुला तर वर गेल्यावर आम्ही आठवतसुद्धा नाही. तू पुन्हा तेच म्हणायचास, तसं नाही गं. त्याच्या पुढे आपण कधी गेलोच नाही.

मग तू गेलास. आणि तेही चालू लाइनवर नाही, बंद लाइनवर. गुरमीतनं हे सांगितलं तेव्हा मी त्याच्या अंगावर ओरडले, काहीही काय बोलताय, बंद तारेनं कधी माणूस मरतो का. इतकी वर्षं तुझ्याबरोबर काम केलेला तो मोठा सरदारजी आपल्या बैठकीत खाली जमिनीवर बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. नंतर त्यानं हळूहळू सगळं समजावलं. त्या टॉवरच्या दोन बाजूंना दोन लाइनी आहेत. एक चालू होती, दुसरी तुमच्या कामासाठी बंद केलेली. धुकं पडायच्या आत तार ज्यांना टांगलेली असते त्या चिनीमातीच्या मोठ्या चकत्यांच्या माळा बदलायच्या होत्या, कारण त्यांच्यावर बसलेली आपल्या दिल्लीची धूळ धुक्यानं ओली झाली की लाइन बंद पडते. शेजारची लाइन चालू असली की बंद तारेतही वीज उतरत राहते. म्हणून तिला आधी जमिनीशी जोडून ठेवतात. काम संपलं, सगळे उतरले, ती जोडणी तूच शेवटी नियमाप्रमाणे लांब दांड्यानं काढलीस. आता फक्त खाली यायचं होतं. तेवढ्यात तुला दिसलं की एका माळेच्या सांध्यात पिन नाही. बोटाएवढी पिन, पण ती नसेल तर कधीतरी माळ निसटून तार खाली येणार. तू हात पुढे केलास. अंगात सूट नव्हता आणि दुसरा हात टॉवरवर होता.

"हाथ भूला नहीं था, भाभी," गुरमीत म्हणाला. "हाथ को तो यही याद था. हॉटलाइन में हम सबसे पहले लाइन ही पकड़ते हैं."

साधा लाइनमन असता तर भीतीनं हात मागे राहिला असता. ही चूक तुम्हा हॉटलाइनवाल्यांचीच. तुझ्या तळहातावर एवढासा डाग होता. बाकी तू झोपल्यासारखा दिसत होतास आणि दाढी करायला झाली होती.

लोकांना वाटलं मी दुःखात आहे. होतेच. पण त्याच्याखाली मी तुझ्यावर चिडले होते, इतकी की रात्रंदिवस मनात तुझ्याशी तेच भांडण चालू होतं. त्या पिनेकडे हात नेताना तुला ईरा आठवली असती, मी आठवले असते, तर हात एक क्षण अडखळला असता. तेवढाच क्षण पुरला असता. आठवण काढणारा परत येत नाही, म्हणाला होतास ना? मग न काढणारा कुठे आला? मला तुझ्याकडून एवढंच उत्तर हवं होतं. आम्ही तुला खरंच काहीच नव्हतो का तिथे? आणि उत्तर द्यायला तू नव्हतास.

गेल्या आठवड्यात गुरमीत पुन्हा आला. ती पिन अजून बसलेली नव्हती. थंडीत विजेची मागणी वाढलेली, लाइन लगेच चालू करून टाकली होती आणि आता पुन्हा बंद करायला मिळणार नव्हती. म्हणजे चालू लाइनवरच जाऊन ती बसवायची, आणि धुक्याच्या आत. गुरमीत स्वतः जाणार होता. "आप आना चाहें तो," एवढंच म्हणून तो थांबला. मी नाही म्हणाले. तो गेल्यावर ईरा माझ्यासमोर येऊन बसली. "आई, चल ना यार. बाबांनी कितनी बार बुलाया तुला. मी तर जाणार." एकटीला कशी पाठवणार? म्हणून आले, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर मी त्या टॉवरशी भांडायला आले होते.

नोएडाच्या पलीकडे, अर्धवट उभ्या फ्लॅटांच्याही पुढे, उसाच्या शेतात तो उभा होता. आदल्या रात्री वारा सुटला होता, त्यामुळे आकाश चक्क निळं होतं. तुला आवडलं असतं, कामाला योग्य हवा. गाडीतून उतरल्याबरोबर तो आवाज ऐकू आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा सूं असा आवाज येतो ना, तसा, पण थांबतच नाही. तार दिसायला किती साधी. कावळे येऊन बसावेत अशी. आणि तिच्यातून आमच्या मयूर विहारचे गीझर, मेट्रो, माझ्या ऑफिसातले हीटर, सगळं वाहत चाललं होतं. मी मान वर करून बघत राहिले. इतक्या वर्षांत तू रंगवून सांगितलेलं सगळं कमी होतं. तू नीट सांगितलंच नाहीस रे, इतकं उंच असतं ते.

गुरमीत तो राखाडी सूट घालून आला. तुझ्या गँगमधल्या सगळ्यांनी फोन काढून एका बादलीत ठेवले. माझा आणि ईराचाही घेतला. मग गुरमीतनं आम्हाला नियम सांगितला. तो टॉवर सोडून तारेकडे निघाला की खाली कोणी बोलायचं नाही. "जब तक ऊपर से 'पकड़ लिया' न सुनाई दे, किसी का नाम नहीं लेना, भाभी. मन में भी नहीं."

मला राग आला. ही जागा, हाच टॉवर, आणि मी मनातसुद्धा नाव घ्यायचं नाही? हा नियम कोणाचा, असं मी विचारलं. गुरमीत हातमोज्यांकडे बघत राहिला.

"सुहास भाई का," तो म्हणाला.

मी मान डोलावली. पण मनात ठरवून टाकलं, तुझा नियम ना, मग मी मोडणारच. तो तार धरेपर्यंत मी तुझं नाव घेत राहणार. तुला आयुष्यभर आमची आठवण आली नाही तर नाही, पण मी तुझी सोडणार नाही. बघू काय होतं ते.

गुरमीत चढला. मोठा माणूस, पण चढताना कुठेही घाई नाही. वर पोचल्यावर वीज न वाहणाऱ्या फायबरच्या शिडीवर बसला, आणि खालून चार जणांनी दोर ओढत ती शिडी टॉवरपासून हळूहळू दूर न्यायला सुरुवात केली. आता त्याच्या पायाखाली काही नव्हतं, मागे टॉवर सुटला होता, पुढे तार अजून आली नव्हती. तो मध्येच होता, ना इकडचा ना तिकडचा. दोर धरलेले लोक एकमेकांकडे न बघता एकाच वेळी दोर सरकवत होते. उसाचं पान हललं तरी ऐकू येत होतं. त्यानं हात लांब केला, हातात कांडी होती. कांडी आणि तार यांच्यामध्ये दुपारच्या उन्हात जांभळी ठिणगी आली, मांजरपाट टरकन फाडावा तसा आवाज झाला, आणि तो मागे झाला नाही. तो पुढेच गेला. हात तसाच पुढे जात राहिला, ठिणगी आखूड होत गेली, मग त्यानं तारेला क्लिप लावली आणि सगळं गप्प झालं. एक माणूस, ज्याला गुडघेदुखी आहे, ज्याची बायको त्याला साखर खाऊ देत नाही, तो चार लाख व्होल्टवर बसला होता आणि जिवंत होता. मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. देवळात नाही, कुठेच नाही.

"पकड़ लिया!" वरून आवाज आला.

खाली सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कोणीतरी खोकलं, कोणीतरी हसलं. ईरानं माझ्या मनगटात रुतवलेली नखं काढली. वर गुरमीत पिन बसवायला लागला होता. ईरा माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, बाबा हे रोज करायचे?"

बाबा म्हटल्यावर तू आठवलास. आणि सुहास, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मधल्या सगळ्या वेळात तू मला आठवला नव्हतास.

मी ठरवून आले होते रे. नियम मोडायचा म्हणून, हट्टानं, तुझं नाव घोकायचं म्हणून. पण शिडी सुटली आणि तू नव्हतास. ईराचा हात माझ्या हातात होता तरी ईरा नव्हती. मी विधवा नव्हते, कोणाची कोणी नव्हते. फक्त तो हात होता, पुढे जाणारा. जिथे तू मेलास त्या जागेखाली उभी राहून मी तुला विसरले, आणि तरी तू मला काहीच नव्हतास असं माझ्यासमोर कोणी म्हणून दाखवावं.

तसं नाही गं, म्हणायचास ना? कळलं. तसं नव्हतं.

मी ईराला हो म्हणाले, रोज करायचे. तिनं डोळे पुसले आणि पुन्हा वर बघायला लागली. घरी आल्यावर चहा केला आणि सवयीनं तुझ्याशी भांडायला बसले, तर काही सुचेना. सिलिंडरवरून सुरू केलं, तुझ्या बहिणीवरून सुरू केलं, पण पुढे जायला वाट नव्हती. इतकी वर्षं जिथे जाऊन पोचायचे तिथे आता तुझं उत्तर बसलेलं होतं आणि ते मला पटलं होतं.

महिनाभर तू गेलास असं सगळे म्हणत होते. मी रोज तुझ्याशी भांडत होते, म्हणून मला ते खरं वाटत नव्हतं. आता आपलं भांडण संपलं, सुहास. आता घरात खरंच कोणी नाही.